संस्कृत शिकवायलाही साहेबच

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जायचं तर 'ई-टू' नावाचा व्हिसा लागतो. तो सरसकट मिळतो फक्त सात देशांच्या नागरिकांना: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० पासून लागू झालेल्या व्यापार करारानं भारतीयांना थोडी फट मिळाली, पण ती मदतनीस शिक्षकाची. बरं, पासपोर्टचाच प्रश्न असता तर एकवेळ समजलं असतं. मग अर्जासोबत फोटो कशाला मागतात? अमेरिकेत जन्मलेल्या काळ्या शिक्षकालाही फोटो बघून नकार येतो, आणि ज्याची मातृभाषाच इंग्रजी नाही असा गोरा माणूस वर्गात उभा राहतो.

आपल्याकडं हे दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. तेही इंग्रजीसाठी नाही, संस्कृतसाठी!

रामकृष्ण गोपाळ भांडारकर. १८३७ सालचा जन्म, मालवणचा. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांमधले, न्यायमूर्ती रानड्यांचे सोबती. रत्नागिरीच्या हायस्कुलात हेडमास्तर होते. त्यांची संस्कृतची पहिलं आणि दुसरं पुस्तक घोकून कित्येक पिढ्या शिकल्या. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाची जागा त्यांनी काही वर्षं हंगामी म्हणून सांभाळली. काम चोख, तक्रार कुणाचीच नाही. जागा कायम भरायची वेळ आली तेव्हा १८७३ मध्ये नेमणूक झाली पीटर पीटरसन यांची. स्कॉटलंडचे गृहस्थ, भांडारकरांपेक्षा दहा वर्षांनी लहान. भांडारकर परत सहायक प्राध्यापक.

पीटरसन अडाणी नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. पुढं त्यांनी हस्तलिखितं शोधण्याचं मोठं काम केलं. पण ज्यानं जागा चालवून दाखवली होती त्याला डावललं गेलं, हे काही त्यानं पुसलं जात नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले कीलहॉर्न हे जर्मन पंडित मायदेशी परतले, तेव्हा कुठं १८८२ च्या सुमारास भांडारकरांना पूर्ण प्राध्यापकी मिळाली. तीनच वर्षांनी जर्मनीतल्या गटिंगन विद्यापीठानं त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली! म्हणजे खुद्द युरोपला त्यांचं संस्कृत पसंत होतं.

आपल्या गावाशी त्यांचा धागा आहे तो प्रार्थना समाजाचा. ते त्या समाजाचे पुढारी, आणि पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ पासून चालवला तो त्याच समाजानं. वैष्णव पंथांवरच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात आपला विठोबाही आहे.

पगाराची गोष्ट तर आणखी उघडी. १८८५ मध्ये जगदीशचंद्र बोस केंब्रिजहून शिकून कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले. हिंदी माणसाला युरोपियनाच्या दोन तृतीयांश पगार असा रिवाज, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याचाही निम्मा. बोसांनी तीन वर्षं शिकवलं, पण पगाराला हात लावला नाही. शेवटी सरकारनं पूर्ण पगार मागच्या थकबाकीसह दिला.

त्यातून सरकार शहाणं झालं का? उलट १८९६ मध्ये भेद पक्का केला. इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसची भरती विलायतेत, प्रांतिक सेवेची इथं. वरच्या सेवेत जवळपास सगळे गोरे, खालच्या सेवेत आपले. काम तेच, वर्गही तोच. कागदावर 'काळा-गोरा' हा शब्द कुठंच नाही. भरती कुठल्या गावात होते एवढाच फरक! पुढं इस्लिंग्टन कमिशनपुढं हा प्रश्न आला. त्यात गोखले सभासद होते, पण अहवाल निघायच्या आधीच, १९१५ मध्ये ते गेले. या सेवेची नवी भरती थांबली ती १९२४ मध्ये.

इंग्रजांना नावं ठेवताना आपल्या दारातलं पण बघू. विठ्ठलाच्या पुजाऱ्याची जागा जन्मावर ठरायची, गुणावर नाही. १९७३ चा कायदा झाला, तरी बडवे-उत्पातांचे हक्क संपायला सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१४ चा निकाल लागला. त्याच वर्षी मंदिर समितीनं सगळ्या जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. तेव्हा गावात काय काय बोललं गेलं, ते जुन्या मंडळींना आठवत असेलच. मी इथं लिहीत नाही.

आता कामाचं. तालुक्यातली बीएड झालेली पोरं-पोरी थायलंड-व्हिएतनामची चौकशी करतायत. जरूर जावा. फक्त एजंटाला पैसे द्यायच्या आधी एक गोष्ट लेखी मागा: त्याच शाळेत, त्याच वर्गाला शिकवणाऱ्या गोऱ्या शिक्षकाला पगार किती आणि तुम्हाला किती. एजंट उत्तर टाळायला लागला तर दुसरा बघा. आणि कुणी जाऊन आलं असेल, तर खाली कॉमेंटमध्ये आकड्यासकट लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल.