‘तोआ’ म्हणजे योद्धा की सुरूचं झाड?

कोकणच्या किनाऱ्यावर गेला असाल, तर सुरूचं बन तुम्ही नक्की पाहिलं असेल. हेच झाड पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवरही आहे. सामोआमध्ये त्याला ‘तोआ’ म्हणतात. गंमत अशी की शूर योद्ध्यालाही तिथे ‘तोआ’च म्हणतात.

सुरूचं लाकूड अतिशय कठीण. ज्या बेटांवर लोखंड नव्हतं, तिथे गदा नि भाले त्याचेच बनत. मग उत्तर सोपं वाटतं: झाड कणखर, योद्धा कणखर, म्हणून नाव एक. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मीही हेच लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला: ‘टोंगा?’

टोंगाच्या भाषेत झाड ‘तोआ’, पण शूर माणूस ‘तोʻआ’. दुसऱ्या शब्दात मधे घशात श्वास क्षणभर अडतो. आपल्या कानाला हे किरकोळ वाटेल, पण तिथे ते चक्क एक व्यंजन आहे. मूळ पॉलिनेशियन भाषेतलं हे व्यंजन टोंगाने जपलं, सामोआ आणि हवाईच्या भाषांतून ते गळून गेलं. म्हणजे आधी शब्द दोन होते. व्यंजन गेलं आणि ते सारखे झाले.

आपल्याकडचं बघा. ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांची मुळं वेगळी. समजा उद्या मराठीतून ‘ळ’ गेला, तर कुणी संशोधक सांगेल, ‘वेळ वेलीसारखी वाढते, म्हणून नाव एक!’ ऐकायला छान, पण चूक.

मग झाडाचं नि योद्ध्याचं नातं खोटं का? तसंही नाही. ताहितीत सुरूला ‘आयतो’ असंही म्हणतात, आणि ‘आयतो’ म्हणजेही योद्धा! एका शब्दात दोन अर्थ अपघाताने एकत्र आले. दुसऱ्या, अगदी वेगळ्या शब्दातही तेच दोन अर्थ दिसतात, तेव्हा लोकांच्या मनात ते नातं जुळलं होतं असंच म्हणावं लागतं.

शब्द कुठून आला हा एक प्रश्न, आणि लोकांनी त्यात काय पाहिलं हा दुसरा. इतिहासाला दोन्ही हवेत, फक्त एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवायचं नाही. मसुद्यातलं ते वाक्य मी खोडलं नाही. शब्दांच्या उगमाच्या प्रकरणातून उचलून ताहितीच्या प्रकरणात नेलं.