वाहतूक पायाभूत सुविधा अनुदान : वसई-विरार

रस्ते, उड्डाणपूल, जेट्टी, बसआगार, बसगाड्या अशा वाहतुकीच्या सोयींसाठी केंद्र शासन, राज्य शासन आणि प्रादेशिक प्राधिकरणे यांच्याकडून स्थानिक स्वराज्य संस्थेला निधी मिळतो. योग्य योजना शोधणे, प्रस्ताव करणे, आलेला पैसा मुदतीत खर्च करणे आणि त्याचा हिशेब देणे, एवढी कामे या निधीमागे असतात. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहर महानगरपालिकेत ही कामे विशेष कठीण ठरतात, कारण या शहराची वाहतूक एका संस्थेच्या हातात नाही.

पार्श्वभूमी : वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी ही महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. चारही नगरपालिकांचे रस्ते आपापल्या स्टेशनाकडे जाणारे होते. शहरांना एकमेकांशी जोडणारे रुंद रस्ते त्या मानाने कमी राहिले. सिडको या राज्य शासनाच्या नगरविकास महामंडळाने तयार केलेला विकास आराखडा २००७ मध्ये मंजूर झाला आणि आज रस्त्याचा कोणताही प्रस्ताव त्यातील आरक्षणांवर उभा राहतो. पश्चिम रेल्वेचे रूळ शहराचे पूर्व-पश्चिम भाग करतात. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा नदी आणि पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आहे. त्यामुळे इथली मोठी कामे बहुतेक पुलांची असतात आणि पूल महापालिकेच्या स्वतःच्या तिजोरीतून होत नाही.

मालकी : अनुदानाचा शोध ‘हा रस्ता कोणाचा’ या प्रश्नापासून सुरू होतो. विकास आराखड्यातील रस्ते महापालिकेचे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे आणि महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा आहे. रुळांवरच्या पुलाला रेल्वेची मंजुरी लागते आणि खाडीतल्या जेट्ट्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येतात. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) क्षेत्रात वसई-विरार येत असल्याने महापालिकेच्या आवाक्याबाहेरची अनेक कामे हे प्राधिकरण स्वतःच हाती घेते. नायगावचा पूर्व-पश्चिम जोडणारा उड्डाणपूल असाच झाला. अशा वेळी पैसा महापालिकेच्या खात्यात येत नाही, पण जागा मोकळी करून देणे, जलवाहिन्या हलवणे आणि पोचरस्ते करणे हे काम तिच्याकडेच राहते. अमेरिकेत ५० हजारांवर लोकवस्तीच्या नागरी भागाला केंद्रीय वाहतूक निधी हवा असेल, तर सर्व संस्थांना एकत्र बसवणारी महानगर नियोजन संस्था असावीच लागते. आपल्याकडे महापालिकेच्या अभियंत्याला हा समन्वय पत्रव्यवहार आणि बैठकांतून साधावा लागतो.

निधीचे स्रोत : राज्याकडून नगरविकास विभागाची रस्ता अनुदाने आणि नगरोत्थान महाअभियान हे मुख्य मार्ग आहेत. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाल्यापासून लहान कामांसाठी जिल्हा नियोजन समितीचा निधीही पालघरहून मिळू लागला. केंद्राच्या अमृत योजनेत (२०१५) दहा लाखांवरील शहरांना प्रकल्पखर्चाच्या एक तृतीयांश केंद्रीय साहाय्य ठरले होते. बाकीची रक्कम राज्य आणि महापालिकेने घालायची होती. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरील नागरी क्षेत्रांसाठी वेगळा निधी ठेवला आणि त्यात वसई-विरारचाही समावेश झाला. २०२१ ते २०२६ या काळात या निधीचा एक तृतीयांश भाग हवेच्या गुणवत्तेसाठी ठेवलेला होता. रस्त्यावरची धूळ आणि डिझेलचा धूर ही हवा बिघडण्याची मोठी कारणे असल्याने झाडलोटीची यंत्रे आणि विद्युत बस यांना या शीर्षातून वाट मिळाली. महापालिकेने २०१२ मध्ये खासगी ठेकेदाराच्या सहभागाने परिवहन सेवा सुरू केली. पुढे या सेवेत विद्युत बस आणताना वित्त आयोगाच्या या निधीचा उपयोग झाला. वाहतुकीचा पैसा प्रत्येक वेळी वाहतुकीच्या नावाने येत नाही, हे ध्यानात घेऊन योजनांची चाळणी करावी लागते.

कार्यपद्धती : आधी जागेची पाहणी आणि वाहनांची मोजणी होते, मग सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतो. अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता आणि कामाला प्रशासकीय मान्यता मिळाली, की निधीचा शासन निर्णय निघतो. त्यात लेखाशीर्ष, महापालिकेचा हिस्सा आणि खर्चाची मुदत दिलेली असते. त्यानंतर निविदा आणि कार्यारंभ आदेश निघतो. काम सुरू झाल्यावर सारा भार मोजमाप पुस्तिकेवर येतो. खडीकरणाचा थर किती लांब, किती रुंद, किती जाड झाला याची नोंद कनिष्ठ अभियंता जागेवर करतो, उपअभियंता ती तपासतो आणि त्यावरून ठेकेदाराचे देयक निघते. डांबराचा थर चढला की खालची खडी पुन्हा मोजता येत नाही, म्हणून ही नोंद त्याच वेळी व्हावी लागते. त्रयस्थ संस्थेच्या तपासणीनंतर उपयोगिता प्रमाणपत्र जाते आणि पुढचा हप्ता बहुधा त्यावरच सुटतो. लेखापरीक्षेचे आक्षेप वर्षानुवर्षे पडून राहिले, तर नव्या प्रस्तावाची बाजूही लंगडी पडते.

उदाहरणे : बोरिवली-विरार रेल्वेमार्गाचे चौपदरीकरण हे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील काम होते. रेल्वे आणि राज्य शासन यांच्या भागीदारीत, जागतिक बँकेच्या कर्जासह ते झाले आणि २००७ मध्ये पुरे झाले. विरार-डहाणू चौपदरीकरण तिसऱ्या टप्प्यात असून त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली. वाहनांसह प्रवासी नेणारी वसई-भाईंदर रो-रो बोटसेवा सागरी मंडळाच्या जेट्ट्यांवरून फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. रस्त्याने तीस किलोमीटरहून अधिक पडणारे अंतर पाण्यातून साडेतीन किलोमीटरच्या आसपास येते. खाडीच्या काठच्या शहराने रस्त्याच्या योजनांबरोबर बंदरविकासाच्या योजनाही पाहाव्यात, हे या सेवेने दाखवून दिले.

अडचणी : पहिली अडचण जागेची. आराखड्यात रस्ता असतो, पण जमीन ताब्यात नसते. खाडीलगत सागरी किनारा नियमनाची परवानगी लागते आणि तिवरे तोडायची असल्यास उच्च न्यायालयाचीही. पैसा आला आणि परवानगी राहिली, तर मुदत निघून जाते. दुसरी अडचण हिश्श्याच्या रकमेची. ती अर्थसंकल्पात आधीच बाजूला काढली नाही, तर मंजूर काम अडते. तिसरी अडचण पाण्याची. जुलै २०१८ च्या पुरात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या. त्यानंतर महापालिकेने राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) व आयआयटी मुंबई यांच्याकडून पूरस्थितीचा अभ्यास करून घेतला. या सखल शहरात गटार आणि मोरी यांचा विचार न करता केलेला रस्त्याचा प्रस्ताव अर्धाच असतो. चौथी अडचण प्रतिनिधित्वाची. जून २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर अनेक वर्षे प्रशासकाचा कारभार राहिला आणि कोणते काम आधी करायचे यावर सभागृहातली जाहीर चर्चा थांबली.

मूल्यमापन : वसई-विरारचा अनुभव पाहता अनुदानाचे यश अर्जापेक्षा आधीच्या तयारीवर ठरते. जागा ताब्यात असलेल्या, अहवाल तयार असलेल्या आणि हिस्सा राखून ठेवलेल्या कामांची यादी हाताशी असेल, तर योजना जाहीर होताच प्रस्ताव जातो. अभियंता, लेखाधिकारी, नगररचनाकार आणि परिवहन विभागाचा अधिकारी यांचा एक कायमचा कक्ष हे काम करू शकतो. बदल्या झाल्या तरी त्याच्या नोंदी टिकल्या पाहिजेत. मंजूर निधी, झालेला खर्च आणि कामाची स्थिती प्रभागवार जाहीर करणे हाही त्याच जबाबदारीचा भाग आहे. पहाटे विरार लोकल गाठण्यासाठी खड्ड्यांतून रिक्षाने स्टेशनावर येणारा प्रवासी करदाता आहे आणि त्या पैशाचा हिशेब मागण्याचा पहिला हक्क त्याचा आहे.