एक चूल, मोजकी भांडी

सातारा आणि सांगलीकडील शेतकऱ्याच्या जुन्या घरात स्वयंपाकाची सामग्री अगदी मोजकी असे. चूल, जाते, पाटा-वरवंटा, काठवट, लोखंडी तवा, कालवणाचे एक पातेले किंवा मडके, पाण्याच्या घागरी आणि माणसांपुरत्या पितळ्या व तांबे, एवढ्यावर संसार चाले. ह्याचे मुख्य कारण म्हणजे ज्वारीची भाकरी. तिला पोळपाट-लाटणे लागत नाही. पीठ काठवटीत मळावे, भाकरी हातानेच थापावी, तव्यावर टाकावी आणि चुलीच्या निखाऱ्यापुढे उभी करून शेकावी. शेतात तर ताटाचीही गरज नसे. फडक्यात बांधून नेलेल्या भाकरीवरच पिठले किंवा ठेचा वाढला जाई.

तथापि हा सारा साधेपणा स्वेच्छेचा होता असे म्हणता येणार नाही. तांब्या-पितळेची भांडी ही कुणब्याची शिल्लक असे. सुगी साधली की एखादी घागर घ्यावी आणि अवर्षण पडले की ती मोडीत घालावी, असा क्रम होता. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनमधील कितीतरी घरांतील भांडी अशीच विकली गेली. त्या रिकाम्या फळ्यांना साधी राहणी म्हणणे ही क्रूर थट्टाच ठरेल.

ह्याच्या उलट, सोवळे पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत भांडी वाढत, ती भुकेमुळे नव्हे, नियमांमुळे. सोवळ्याची भांडी वेगळी, ओवळ्याची वेगळी, परजातीच्या पाहुण्याचे ताट वेगळे, आणि राबणाऱ्या गड्याचा पेला तर गोठ्याच्या कोनाड्यात.

हे नियम मोडण्याचा मोठा प्रयोग ह्याच भूमीत झाला. भाऊराव पाटील ह्यांचा जन्म 1887 साली कुंभोज येथे झाला. कोल्हापुरास शिकत असता ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले. परत आल्यावर त्यांनी शुद्धीचे स्नान करण्याचे नाकारले, आणि त्यामुळे त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले. पुढे वारणाकाठच्या दुधगावी विद्यार्थ्यांसाठी आश्रम निघाला, त्या कार्यात ते होते. 1919 मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि 1924 साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उघडले. तेथे मुले एका छपराखाली राहत व एका पंक्तीत जेवत. स्वयंपाक, झाडलोट, भांडी घासणे ही कामेही तीच करीत. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले.

ह्या प्रयोगाचे मर्म त्याच्या स्वयंपाकघरात होते. जातवार आचार पाळावयाचा तर जितक्या जाती तितक्या चुली, तितके तवे आणि तितक्या घागरी लागल्या असत्या. निर्धन मुलांसाठी चालविलेल्या वसतिगृहास तो भार पेलणे शक्य नव्हते. एक चूल हे समतेचे तत्त्व होते आणि काटकसरीचा हिशेबही होता. दोन्ही एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

अर्थात भांडी थोडी असली म्हणून धान्याची कोठी भरत नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या, पण ह्या मुलांच्या त्या आई झाल्या. कोठीत धान्य उरले नाही तेव्हा त्यांचे दागिने गेले, आणि अखेर मुलांच्या जेवणासाठी गळ्यातील मंगळसूत्रही त्यांनी काढून दिले. 1930 साली त्या निवर्तल्या. त्या चुलीतून पुढे केवढा विस्तार झाला, हे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. पितळेच्या जागी पोलाद आले व कल्हईवाल्याची हाक दुर्मिळ झाली. परंतु कामास येणाऱ्या बाईचा वेगळा कप आजही काही सुशिक्षित घरांच्या फडताळात आढळतो. ज्या गृहिणीस आपले स्वयंपाकघर आटोपशीर करावयाचे असेल, तिने प्रथम तो कप इतर कपांत मिसळून टाकावा. बाकीचे भांडे कोणते ठेवावे आणि कोणते काढावे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.