अटॅक ऑन टायटन : नो रिग्रेट्स

हाजिमे इसायामा यांच्या ‘अटॅक ऑन टायटन’ या मांगा मालिकेतील लीव्हाय या पात्राची पूर्वकथा सांगणारा दोन भागांचा जपानी अ‍ॅनिमे. जपानी नाव ‘कुइनाकी सेंताकु’. निर्मिती विट स्टुडिओची. पहिला भाग ९ डिसेंबर २०१४ रोजी मूळ मांगाच्या पंधराव्या खंडाच्या, तर दुसरा ९ एप्रिल २०१५ रोजी सोळाव्या खंडाच्या मर्यादित आवृत्तीसोबत डिस्कच्या रूपात विक्रीस आला. अशा थेट डिस्कवर येणाऱ्या अ‍ॅनिमेला ‘ओव्हीए’ म्हणतात. तो विकत घेणारा आधीपासूनच मालिकेच्या नादी लागलेला असतो. म्हणून टायटन हे माणसे खाणारे राक्षस म्हणजे कोण, माणसे भिंतींच्या आड का राहतात, उडण्याची यंत्रसामग्री कशी चालते, यांतले काहीही इथे समजावलेले नाही. नवख्याला हा दोष वाटेल; पण ज्याच्यासाठी हे केले आहे त्याला तेच पुन्हा ऐकवले असते तर तो वैतागला असता.

कथेचा उगम मूळ मांगात नाही. टीव्ही मालिकेचा पहिला हंगाम २०१३ मध्ये गाजला आणि त्यात लीव्हाय हे पात्र नायकापेक्षाही लोकप्रिय ठरले. त्या हंगामाच्या ब्लू-रे संचासोबत पडद्यावर चित्रे पाहत, मजकूर वाचत पुढे जाण्याचे काही कथाखेळ देण्यात आले होते. ‘नो रिग्रेट्स’ हा त्यांतलाच एक. लेखक गन स्नार्क. त्याच सुमारास हिकारु सुरुगा यांनी ही कथा मांगा रूपात रेखाटली. कोदान्शा प्रकाशनाच्या ‘आरिया’ मासिकात ती २०१३ च्या अखेरीपासून २०१४ च्या मध्यापर्यंत क्रमशः आली आणि दोन खंडांत पुरी झाली. ‘आरिया’ हे मुलींसाठीचे मासिक होते. इसायामा यांची खडबडीत, घाईची वाटणारी रेघ तिथे जाऊन सडपातळ आणि देखणी झाली. अ‍ॅनिमेने हा साज उतरवून टीव्ही मालिकेची जाड बाह्यरेषा पुन्हा आणली. लीव्हायला हिरोशी कामिया आणि त्याचा वरिष्ठ एर्विन याला दाइसुके ओनो यांचेच आवाज राहिले.

कथानक असे. राजधानीच्या खाली एक भूमिगत शहर आहे. तिथे ऊन पोचत नाही, त्यापायी माणसांचे पाय निकामी होतात आणि वर जाण्याचा जिना पैसेवाल्यांनाच मोकळा असतो. लीव्हाय, फार्लान चर्च आणि इसाबेल मॅग्नोलिया हे तिघे चोरलेल्या यंत्रसामग्रीवर तिथे गुंडगिरी करतात. निकोलस लोबोव्ह नावाचा उमराव त्यांना काम देतो : टेहळणी पथकात शिरा, एर्विन स्मिथकडची कागदपत्रे पळवा, त्याला संपवा, बदल्यात वर राहण्याचा हक्क मिळेल. एर्विन स्वतःच त्यांना पकडून पथकात भरती करतो, त्यामुळे डाव आपोआप जमल्यासारखा दिसतो. त्या वेळी पथकाचा प्रमुख कीथ शाडिस असतो. पहिल्याच मोहिमेत पाऊस आणि धुके यांत तुकड्यांची फाटाफूट होते, लीव्हाय दोघांना मागे ठेवून एर्विनच्या शोधात निघतो, आणि मागे राहिलेली अख्खी तुकडी टायटनच्या तावडीत सापडते.

पूर्वकथेचे मूल्यमापन करताना पहिला प्रश्न सहसा माहितीचा विचारला जातो : नवे काय कळले? या कसोटीवर ‘नो रिग्रेट्स’ पास होतो, पण गुण काठावरचेच. लीव्हाय तलवार उलटी का धरतो, हे त्यातून कळते. तुकडीप्रमुख फ्लॅगन त्याला त्यावरून टोकतो, अशाने तू सर्वांआधी मरशील असे बजावतो, आणि लीव्हाय ते कानाआड करतो. त्याचे स्वच्छतेचे वेडही इथे जुने असल्याचे दिसते. पण खरी माहिती, म्हणजे त्याची आई, त्याचे बालपण आणि केनी या खुन्याने त्याला कसे वाढवले, हे सारे इसायामा यांनी मूळ मांगात २०१५ मध्ये स्वतः उलगडले. अ‍ॅनिमेत ते २०१८ च्या तिसऱ्या हंगामात आले. पूर्वकथा आधी आली आणि पूर्वकथेचीही पूर्वकथा मागाहून. त्यामुळे आज एकामागून एक पाहणाऱ्याला इथला लीव्हाय थोडा आकाशातून पडल्यासारखा वाटतो. हा दोष दिग्दर्शनाचा नाही. मूळ लेखकाच्या मुठीत काय आहे हे ठाऊक नसताना उपकथा लिहिणाऱ्याला रिकाम्या जागेला वळसा घालूनच जावे लागते, आणि तो वळसा इथे बराच सफाईने घातला आहे.

दुसरी कसोटी जास्त कामाची. ज्याचा शेवट प्रेक्षकाला ठाऊक आहे अशा कथेत ताण कुठून आणायचा? मूळ मालिकेत फार्लान आणि इसाबेल यांचे नावही नाही, म्हणजे ते मरणार हे पहिल्या पाच मिनिटांत समजते. लीव्हाय जगणार आणि एर्विनचा उजवा हात होणार, हेही समजते. तेव्हा काय होणार यात दम उरत नाही. दम असतो तो या माणसाने ज्याला मारायचे त्याचेच ऐकायला का सुरुवात केली, यात. अ‍ॅनिमेची खरी ताकद या एका प्रश्नावर एकवटली आहे.

त्याचे उत्तर दोन प्रसंगांत आहे. पकडल्यानंतर लीव्हाय बोलायला तयार नसतो, तेव्हा एर्विनचा सहकारी माइक त्याचे तोंड चिखलाच्या घाण पाण्यात दाबतो आणि एर्विन शांतपणे प्रश्न विचारत राहतो. धुळीच्या कणानेही अस्वस्थ होणाऱ्या माणसाचा याहून मोठा अपमान शोधून सापडला नसता. दुसरा प्रसंग शेवटचा. पाऊस थांबत आलेला आहे, इसाबेलचे शिर आणि फार्लानचा देह लीव्हायने पाहिला आहे, टायटनचे तुकडे करून झाले आहेत. तो एर्विनच्या गळ्याशी पाते नेतो. एर्विन सांगतो की कागदपत्रे बनावट होती, खरा पुरावा केव्हाच वरिष्ठांकडे गेला आणि लोबोव्हचा खेळ संपला आहे. म्हणजे दोघांचे मरण एका फुकटच्या डावापायी. मग एर्विन ते पाते उघड्या मुठीत धरतो. रक्त ओघळते, आणि त्याच अवस्थेत तो म्हणतो की पश्चात्ताप करत बसलास तर पुढचे निर्णय बोथट होतील आणि तुझ्या वतीने दुसरेच कोणी निर्णय घेऊ लागेल. ओनो यांनी हा संवाद चढ्या सुरात घेतलेला नाही. सांत्वन नाही, माफीही नाही. म्हणूनच लीव्हायचे वळणे पटते.

या प्रसंगाने मूळ मालिकेतला एक जुना क्षणही बदलतो. पहिल्या हंगामात उंच झाडांच्या जंगलात लीव्हाय मालिकेचा नायक एरेन याला सांगतो की परिणाम कोणालाच आधी कळत नाही, तेव्हा ज्याचा कमीत कमी पश्चात्ताप होईल ते निवड. २०१३ मध्ये हे एका कठोर सैनिकाचे वाक्य होते. ‘नो रिग्रेट्स’ पाहिल्यावर ते उसने घेतलेले वाक्य ठरते, आणि उसने कोणाकडून व कोणत्या किमतीला घेतले, तेही दिसते. चांगल्या पूर्वकथेने करायचे काम हेच. नव्या घटनांची भर दुय्यम. २०१९ च्या भागांत मरणाऱ्याला वाचवणारे एकच इंजेक्शन उरलेले असताना एर्विन की एरेनचा मित्र आर्मिन हा निर्णय लीव्हायवर येतो, तिथेही या दोन भागांचे वजन जाणवते, जरी ते बनवले गेले तेव्हा मूळ मांगात तो प्रसंग लिहिला गेला नव्हता.

उणीव उघड आहे : फार्लान आणि इसाबेल. दोन खंडांचा मजकूर सुमारे पन्नास मिनिटांत बसवताना कात्री त्यांच्या वाट्यावरच जास्त चाललेली दिसते. इसाबेल ‘दादा, दादा’ करत नाचते, फार्लान समंजस बोलतो, याच्या पलीकडे त्यांची ओळख होत नाही. मांगात निदान वाचक पानावर थांबू शकतो. पडद्यावर ते दोघे येतात ते मरण्यासाठीच. त्यांच्या मृत्यूवर प्रेक्षक रडला तर ते कामिया यांच्या आवाजावर आणि हिरोयुकी सावानो यांच्या संगीतावर, त्या दोघांवर नव्हे. लोबोव्ह तर निव्वळ कारण म्हणून उभा केलेला पुतळा आहे. उलट मोहिमेचा भाग भरघोस झाला आहे. एर्विनची दूरवर पसरलेली टेहळणी व्यूहरचना इथे नवी कल्पना म्हणून येते आणि पावसाने तिचे पहिले धिंडवडे निघतात, हे मूळ मालिका पाहिलेल्याला विशेष रुचते.

या जातीच्या इतर कृतींशी तुलना करताना निर्मितीचा क्रम पाहावा लागतो. ‘जुजुत्सु काइसेन झिरो’ (२०२१) हा चित्रपट पूर्वकथा म्हणून ओळखला जातो, पण त्याचा मूळ मांगा गेगे अकुतामी यांनी २०१७ मध्ये, मुख्य मालिकेच्या आधी काढला होता. तिथे सांधे जुळवण्याचा प्रश्न मुख्य मालिकेपुढे होता, उपकथेपुढे नाही. ‘रुरोनी केनशिन’ची १९९९ ची पूर्वकथा मुख्य मांगातल्याच स्मृतिप्रकरणावर बेतलेली, म्हणून तिला मूळ लेखकाचा पाया होता. ‘नो रिग्रेट्स’ला यांपैकी काहीच नव्हते. विट स्टुडिओने २०१७-१८ मध्ये ‘लॉस्ट गर्ल्स’ या नावाने अ‍ॅनी आणि मिकासा या मालिकेतल्या पात्रांच्या उपकथांचेही तीन ओव्हीए केले. ते चोविसाव्या ते सव्विसाव्या खंडांसोबत आले. अ‍ॅनीची कथा पोलिसी तपासासारखी नेटकी आहे, पण तिच्यामुळे मूळ मालिकेतला एकही प्रसंग वेगळा दिसू लागत नाही.

‘नो रिग्रेट्स’ कथेच्या काळानुसार मूळ मालिकेच्या आधी घडत असला, तरी तो पहिल्या हंगामानंतर पाहावा. आधी पाहिल्यास एर्विनच्या मुठीतल्या पात्याचा अर्थ निम्माच कळतो.