बालपरवेशी

मध्य प्रदेशातल्या लोधीखेड्यात घरची बोली मराठी आणि कचेरीची हिंदी. त्यामुळे ‘परवरिश’ हा शब्द तिथे कोणाला परका वाटत नाही. त्याच फारसी शब्दाचे मराठी भावंड, ‘बालपरवेशी’, मात्र जुन्या दप्तरांतच राहून गेले. लढाईत पडलेल्या शिपायाच्या लेकराबाळांच्या पोटापाण्यासाठी सरकारातून होणारी नेमणूक म्हणजे बालपरवेशी. पेशवाईच्या कागदांत ती सापडते. शब्द नीट पाहावा: त्यात शौर्य नाही, बलिदान नाही, उपकारही नाही, आहे ते फक्त मूल आणि त्याचे पोषण. शहिदाच्या कुटुंबाच्या पेन्शनला आपण इंग्रजांनी लावलेली रीत समजतो, ती समजूत या एका शब्दाने डळमळते. ईस्ट इंडिया कंपनीचा पेन्शनसाठीचा ‘लॉर्ड क्लाइव्ह फंड’ 1770 चा, तोही मीर जाफरच्या वारशातल्या पाच लाख रुपयांतून उभा राहिलेला. त्याच्या शंभरेक वर्षे आधीची गोष्ट सभासदाच्या बखरीत आहे. अफजलखानाच्या प्रसंगानंतर (1659) पडलेल्यांच्या मुलांचे शिवाजी महाराजांनी चालवले, मुलगा नसेल तिथे विधवेला निमे वेतन लावून दिले आणि जखमींना जखम पाहून होन दिले, असे सभासद सांगतो.

यावर हरकत घेता येते. सभासदाने बखर लिहिली ती 1697 च्या सुमारास, राजारामांच्या पदरी असताना. धन्याच्या वडिलांचे गुण तो गाणारच. हरकत रास्त आहे. पण स्तुती करायची तर ‘अपार द्रव्य वाटले’ एवढ्यावर भागते. ‘निमे वेतन’ हा हिशेब आहे, आणि स्तुतीला हिशेब लागत नाही. दुसरी हरकत जास्त वजनाची: ही नेमणूक राजाने दिली तर मिळे, नाही दिली तर दाद कुठे मागणार? इथे मात्र आजची व्यवस्था निर्विवाद सरस. शत्रूशी लढताना जवान गेला तर उदारीकृत कुटुंब पेन्शन शेवटच्या पूर्ण पगाराइतकी असते. सेवेच्या कारणाने मृत्यू आला तर विशेष कुटुंब पेन्शन 60 टक्के. निम्म्यावरून पूर्णावर आलो, आणि मर्जीवरून हक्कावर.

तरी जुनी गाठ सुटलेली नाही: कुटुंब म्हणजे कोण? सभासदाच्या हिशेबात विधवेचा नंबर मुलानंतर लागे. आपल्याकडे शौर्यपदकाचा भत्ता विधवेने पुन्हा लग्न केल्यावर बंद होई, मात्र दिराशी केल्यास चालू राही. ही अट जायला 2017 साल उजाडले. मध्य प्रदेशाने 2024 मध्ये शहिदाच्या मदतनिधीत आईवडिलांना निम्मा वाटा द्यायचे ठरवले. म्हाताऱ्यांची आबाळ होते हे खरे, म्हणून हेतू चांगला. पण सून आणि सासू-सासरे यांच्यात अर्धे-अर्धे करताना पदरी तीन पोरे असलेली विधवा आणि मूल नसलेली विधवा एकाच मापाने मोजली जाते. वाटणीची सुरुवात लेकरापासून करावी, हे बालपरवेशीचे शहाणपण इथे उपयोगी पडले असते.

आणि लेकराचा हक्क आधी कागदावर यावा लागतो. लग्नाची, मुलाच्या जन्माची नोंद पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये नसेल, तर घरच्यांना पुढे दाखल्यांसाठी खेटे घालावे लागतात. लोधीखेडा असो की सौंसर, घरचा जवान सुट्टीवर आला की त्याला एवढे जरूर विचारा: पोराचे नाव चढले का?