हरद्वार कुंभमेळ्यातील पटकी (१८६७)

एप्रिल १८६७ मध्ये हरद्वारच्या कुंभमेळ्यात उद्भवलेली आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर उत्तर भारतात पसरलेली पटकीची (कॉलऱ्याची) साथ. मेळ्यास सुमारे ३० लाख लोक जमल्याचा तत्कालीन अंदाज आहे. मुख्य स्नान १२ एप्रिलला होते. आदल्या रात्रीच्या मुसळधार पावसाने छावण्यांतील मैला गंगेकडे वाहून गेला आणि तेच पाणी भाविकांनी तीर्थ म्हणून प्राशन केले. मेळ्यात रोगी थोडेच आढळले. खरा संहार परतीच्या वाटांवर झाला. पटकीची लक्षणे काही तासांपासून पाच दिवसांत दिसतात. तेवढ्यात यात्रेकरू दूर पोहोचलेले असत, आणि वाटेतल्या विहिरी-तळी दूषित होत. साथ पंजाबमार्गे पेशावरपर्यंत गेली. इंग्रज डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीचा दूषित पाण्याशी असलेला संबंध १८५० च्या दशकातच लंडनमध्ये दाखवला होता; तरीही दोष दूषित हवेला देणारे अधिकारी पुष्कळ होते. या गैरसमजाची किंमत गोरगरीब यात्रेकरूंनी मोजली, ही या साथीतील सर्वांत क्लेशकारक बाब होय. पटकीचा रोगजंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये ओळखला. महाराष्ट्रात पंढरपूरच्या यात्रेतही पटकी वारंवार उद्भवे. त्यामुळे पुढे वारकऱ्यांना प्रतिबंधक लस टोचण्यात येऊ लागली.