ब्रिज : पहिले पान टाकण्यापूर्वीचा विचार

अमेरिकेतील हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये गुणमोजणीची नवी पद्धत आखली आणि कॉन्ट्रॅक्ट ब्रिजला आजचे रूप आले. बोलीत कबूल केलेलेच हात गेमसाठी धरायचे, हे तिचे मुख्य सूत्र. त्यामुळे बोली लावणाऱ्या खेळाडूवर, म्हणजेच डिक्लेअररवर, कबूल केलेले हात पूर्ण करण्याची जबाबदारी येते. डमीची पाने उघडी झाली की तिच्यातून पहिले पान खेळण्यापूर्वीच संपूर्ण डावाची आखणी करावी, असे जाणकार सांगतात. पुढील डावावरून त्याचे कारण लक्षात येईल.

उत्तर (डमी) : इस्पिक ८ ५ २, बदाम राजा ६, चौकट एक्का गुलाम १० ७ ४, किलवर राजा ७ ३.

दक्षिण (डिक्लेअरर) : इस्पिक एक्का ७ ३, बदाम एक्का राणी ५, चौकट राणी ९ ८, किलवर एक्का १० ६ २.

बोली तीन नो ट्रम्पची, म्हणजे हुकमाविना नऊ हात करावयाचे. पश्चिमेची उतारी इस्पिकच्या छक्कीची. पूर्वेने राणी घातली.

प्रथम हमखास हात मोजावेत. इस्पिकचा एक, बदामाचे तीन, चौकटचा एक व किलवरचे दोन, असे सात होतात. उरलेले दोन चौकटमधून मिळतील. त्यासाठी दक्षिणेकडून राणी खेळून फिनेस करावयाची. राजा पश्चिमेकडे असेल तर तो सापडतो. पूर्वेकडे असेल तर एक हात जातो, तरीही चौकटचे चार हात मिळतातच.

मग धोका कोठे आहे? समजा, पश्चिमेकडे इस्पिकची राजा, गुलाम, ९, ६, ४ अशी पाच पाने आणि चौकटचा राजा पूर्वेकडे आहे. डिक्लेअररने घाईने पहिल्याच फेरीत एक्का मारला, तर राजाने हात घेताच पूर्व उरलेली दश्शी परत खेळेल आणि पश्चिम इस्पिकचे चार हात करील. एकूण पाच हात गेले म्हणजे बोली एका हाताने बुडाली.

उपाय सोपा आहे. पहिला हात सोडावा, एक्का दुसऱ्या फेरीत घ्यावा. आता पूर्वेकडे इस्पिक शिल्लक नाही. ती चौकटच्या राजाने हात घेईल, पण भिडूला हात देणारे पान तिच्यापाशी नसेल. डिक्लेअररचे दहा हात होतात. इस्पिक चार-तीन असे विभागले असले, तरी तीन इस्पिक व चौकटचा राजा एवढेच जातात आणि बोली पूर्ण होते.

किती वेळा सोडावे, यासाठी 'सातचा नियम' उपयोगी पडतो. दोन्ही बाजूंकडील त्या रंगाची पाने सातातून वजा करावीत. येथे पाने सहा, म्हणून एकदाच. मात्र दुसऱ्या एखाद्या रंगात याहून मोठा धोका असेल, तर हात सोडणे अंगलट येते. म्हणूनच नियमाआधी मोजणी महत्त्वाची.